मदत हवी आहे : तपासणीत दोष निघाल्यावर बायका पुढे येत नाहीत

नमस्कार मंडळी. आम्ही काही जणी घरोघरी जाऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल बोलतो. पहिल्या तपासणीला बायका तयार होतात. पण त्यात काही आढळलं आणि पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं, की गळती सुरू.

"मला काही त्रासच नाही, मग कशाला?" हे उत्तर ठरलेलं. त्यांना तरी कसं चुकीचं म्हणू? एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर त्यातून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. बहुतेक काळ ना दुखतं, ना अंगावरून जातं. आणि नेमका तेव्हाच उपचार सोपा असतो.

परवा एकीने रिपोर्टची बारीक घडी करून मुठीत दाबली आणि हळूच विचारलं, "सासूबाईंना कळणार नाही ना?" तिला धीर दिला, पण पुढे काय?

जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं लक्ष्य आहे ९०-७०-९०. म्हणजे मुलींना लस, बायकांची तपासणी आणि आजार आढळलेल्या ९० टक्के जणींना उपचार. आमचं घोडं या शेवटच्या ९० पाशीच अडतंय.

घरात बोभाटा न होता पाठपुरावा कसा करता? सोबत कोण जातं? नवऱ्यांशी कोणी बोललंय का? तपासणीचा नमुना बाईने स्वतःच घ्यायची पद्धत कुठे वापरली असेल, तर बायकांना ती कशी समजावली, तेही सविस्तर सांगा.