‘जेनेटिक’ला ‘आनुवंशिक’ म्हणावं का?

अनुवादक, सोलापूर: गर्भाशयाच्या कॅन्सरवरचं पत्रक मराठीत करतोय. ‘जेनेटिक’ला ‘अनुवांशिक’ चालेल?

स्लाइडवाली (गाठींचे नमुने तपासणारी): आधी शुद्धलेखन. अनुवंश + इक, म्हणून ‘आनुवंशिक’. आणि चालणार नाही, ‘जनुकीय’ लिहा. कॅन्सर म्हटला की जनुकात बिघाड आलाच. या कॅन्सरमध्ये पीटेन जनुक तर सर्रास बिघडलेलं असतं, पण बहुधा गाठीपुरतंच. जन्मापासून अंगातल्या पेशीपेशीत असलेला, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला बिघाड तो आनुवंशिक. लिंच सिंड्रोम हा कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष त्यातला, हा कॅन्सर झालेल्या शंभर जणींत साधारण ३. ‘आनुवंशिक’ वाचलं की लेकी घाबरतातच, सुनाही घाबरतात!

मागकर: चादरीच्या भाषेत सांगायचं तर मागावर धागा तुटला की खोट तेवढ्याच चादरीत. नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या कार्डातच भोक चुकलं, तर त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीत.

स्लाइडवाली: हे पत्रकात घ्याच.

अनुवादक: रिपोर्टमधलं ‘एमएलएच१ निगेटिव्ह’?

स्लाइडवाली: जसंच्या तसं ठेवू नका. कोरोनापासून निगेटिव्ह म्हणजे सुटलो. इथे अर्थ उलटा: डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारं प्रथिन गाठीत उरलेलं नाही. ‘प्रथिनाचा लोप’ लिहा.

गाठीचा काप रंगवतात, प्रथिन असेल तिथे रंग चढतो. तपासतात चार प्रथिनं, जोडीजोडीनं: एमएलएच१ आणि पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. एमएलएच१ गेलं की आधार सुटून पीएमएस२ही जातं. पण लोप म्हणण्याआधी शेजारच्या निरोगी पेशी बघायच्या. त्यांनाच रंग नसेल तर रंगवणंच फसलंय. नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये तो उशिरा पडला किंवा ६ तासांच्या आत काढला की असं होतं.

पहिली जोडी गेली म्हणून लगेच ‘आनुवंशिक’ नाही. आधी मिथिलीकरणाची तपासणी. जनुकाच्या तोंडाशी मिथाइल गट चिकटले की जनुक शाबूत राहून मुकं होतं. बहुतेकदा हेच निघतं. दुसरी जोडी गेली तर मात्र लिंचचा संशय बळावतो, मग रक्तातून जनुकचाचणी.

पी५३ या आणखी एका प्रथिनाचं वेगळंच. जवळपास सगळ्या पेशी गडद रंगल्या तरी असामान्य, एकही रंगली नाही तरी असामान्य. कुठे फिका कुठे गडद, तो सामान्य.

अनुवादक: म्युटेशनला ‘घातक बदल’?

स्लाइडवाली: ‘उत्परिवर्तन’. ‘घातक’ काढा. पीओएलई जनुकात ठरावीक जागी उत्परिवर्तन झालं की गाठीत बदलांचा नुसता पाऊस, तरी बाई सहसा चांगली बरी होते.

मागकर: शीर्षकात नुसतं ‘पिशवीचा कॅन्सर’ नको. लोक ‘पिशवीच्या तोंडाचा’ही त्यातच धरतात. ‘पिशवीच्या आतल्या अस्तराचा’ लिहा. एचपीव्ही विषाणूवरची लस तोंडाच्या कॅन्सरसाठी, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या. बघा, इथेही घोळ.