ब्रेक पॅड लवकर का संपतात? आपापले अनुभव लिहा

पुण्यात रोजची कात्रज ते हिंजवडी गाडी, आणि पुढचे पॅड पंधरा हजार किलोमीटरच्या आतच संपले. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात "ट्रॅफिक आहे ना साहेब", पण त्याच रस्त्याने जाणाऱ्या मित्राचे चाळीस हजारला पण शाबूत आहेत. शेवटी ओळखीच्या मेकॅनिककडे डावं चाक खोललं तर आतला पॅड पत्र्यापर्यंत घासलेला आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक! पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो तिचं रबर फाटून आत पाणी गेलेलं आणि पिन गंजून जाम, म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला टेकलेलाच. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, रबर बदललं, फार खर्च आला नाही. असं अजून कोणाला काय काय सापडलंय ते सविस्तर लिहा, इतरांचे पैसे वाचतील.

कुंभार्लीकर
आम्ही चिपळूणचे, घाट पाचवीला पुजलेला. वडील एस्टीत ड्रायव्हर होते, त्यांचा नियम एकच, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. कराडहून येताना पुढे कितीतरी गाड्यांचे ब्रेक लाइट अख्खा घाट पेटलेले दिसतात आणि खाली येईपर्यंत जळका वास सुटतो, मग पॅड टिकणार कसे? दुसऱ्या गिअरात इंजिनच गाडी धरून ठेवतं. आणि ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदलाच, ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवीन असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की १५५ च्या आसपास उकळू शकतं, आणि घाटात पॅडल मऊ पडलं की काय होतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको.

मीनल_डोंबिवली
ऑटोमॅटिकवाल्यांनो, घाट उतरताना डी (ड्राइव्ह) वरच ठेवू नका, एल (लो गिअर) किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलाय. आमच्याकडे एवढ्यानेच फरक पडला.

टोरांटोचा_सातारकर
इकडे शत्रू म्हणजे मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात, मग पिना तर जाम होतातच शिवाय पॅडचे कान (दोन्ही टोकं) ब्रॅकेटमध्ये गंजून रुतून बसतात. म्हणून इथे बरेच जण वर्षातून एकदा कॅलिपर खोलून साफ करून घेतात. माझे तर मागचे पॅड पुढच्यांच्या आधी गेले! मला वाटायचं पुढचेच आधी जातात, पण आताच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स मागच्या ब्रेककडून बरंच काम करून घेतं, त्यामुळे असंही होतं. मागचेही बघत चला.

अकोल्याचा गॅरेजवाला
पिनेचं वरती बरोबर लिहिलंय, पण पिन मोकळी असून पण एक चाक तापत असेल तर ब्रेक ऑइलचा रबरी होज (नळी) बघा. जुना होज बाहेरून चांगला दिसतो पण आतून फुगलेला असतो, ऑइल जातं पण परत येत नाही आणि ब्रेक धरलेलाच राहतो. ओळखायचं असं, चाक जॅकवर उचला, ब्रेक दाबून सोडा आणि हाताने फिरवा. जड फिरलं तर कॅलिपरचा निप्पल (एअर काढायचा स्क्रू) सैल करा, त्याबरोबर चाक मोकळं झालं म्हणजे प्रेशर अडकलंय, दोष बहुतेक होजचा. तरीही जडच असेल तर कॅलिपरचा पिस्टन नाहीतर पिन जाम. (ऑइल रंगावर पडू देऊ नका, रंग जातो, आणि निप्पल खोलला की एअर काढायलाच लागते.)

दुसरं, डिस्कला नाळी पडलेल्या असताना नुसते नवीन पॅड टाकले तर तेही लवकर जाणार. लेथवर टर्निंग करण्याआधी डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो तो बघा, त्याच्या खाली जात असेल तर डिस्कच नवीन घ्या. आणि गिऱ्हाइकांना मी नेहमी म्हणतो, जुने चारही पॅड कोणता कुठला ते लिहून घरी न्या, परत लवकर संपले तर शोधायला तेच कामी येतात.