मदत हवी आहे: उपाशी राहूनही एक अळी कोषात गेली, दुसरी का नाही?

बडोद्याला आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. तिच्यावर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या आल्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात. हिरव्या झालेल्या दोन लेकीनं डब्यात ठेवल्या: एक करंगळीच्या जवळपास, दुसरी नुकतीच कात टाकलेली, जेमतेम निम्मी.

शनिवारी सुरतेला लग्नाला गेलो. पानं भरपूर ठेवली असं मला वाटत होतं. रविवारी रात्री बघतो तर नुसते देठ आणि लेंड्या. कुंडीही बोडकी! शेजारच्या बेनना ‘मीठो लीमडो (कढीपत्ता) हवा तेव्हा घ्या’ असं मीच सांगून ठेवलं होतं. सोमवारी खंडेराव मार्केटातून पानं आणली, तर मोठीनं तोंडच लावलं नाही. मंगळवारी ती कोषात गेली, कोष लहानसा. छोटी मात्र अजून चरतेय.

लेक अकरावीला आहे. ती म्हणते अळीला अळीच ठेवणारं ज्युव्हेनाइल हार्मोन संपलं की एक्डायसोन, म्हणजे कात टाकायला लावणारं हार्मोन, कोष घडवतं. पण पानं संपल्याचं हार्मोनला कळतं कसं? आणि डब्यात टिश्यू पेपर आहे. कागदामुळे किडे वाढतच नाहीत, असं भाऊ म्हणतो. काढू का?

प्रतिसाद १
ताई, काळजी नको. तंबाखूच्या मॅन्ड्युका अळीवर यावर भरपूर काम झालंय. शेवटच्या अवस्थेत एक ठरावीक वजन असतं, क्रिटिकल वेट. त्याआधी उपास घडला तर कोष लांबतो. ते ओलांडल्यावर घडला तर अळी वेळेवरच कोषात जाते, फक्त पतंग लहान निपजतो. तुमची मोठी बहुधा ओलांडून बसली होती.

वजन भरलं की ज्युव्हेनाइल हार्मोन बनणं थांबतं, उरलेलं शरीरच मोडून टाकतं. मग मेंदू पीटीटीएच नावाचं हार्मोन सोडतो आणि त्याच्या इशाऱ्यावर छातीतली ग्रंथी एक्डायसोन. खाल्ल्याची खबर या ग्रंथीला इन्सुलिनसारख्या हार्मोनांकडून मिळते. हे फळमाशीत नीट दिसलंय.

बाजारची पानं मात्र धुऊनच द्या, फवारलेली असतात.

प्रतिसाद २
कागदाची गोष्ट खरी, पण अळीची नाही. 1960च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा यांनी प्रागहून हार्वर्डला नेलेले तांबडे ढेकूणवर्गी किडे प्रौढ होईनात, जादा काती टाकत राहिले. डब्यातल्या अमेरिकन कागदात बाल्सम फर झाडाचं, ज्युव्हेनाइल हार्मोनसारखं काम करणारं द्रव्य निघालं. ते त्या किड्यांच्या कुळालाच बाधतं. टिश्यू राहू द्या.

धागाकर्ती
आभार दोघांचे! छोटीनं आज पातळ घाण टाकली, खाणं सोडलं, झाकणापर्यंत फेऱ्या मारतेय. आजारी आहे का?

प्रतिसाद १
छे! आतडं रिकामं करून जागा शोधतेय. डब्यात एक काडी तिरकी लावा, कमरेला रेशमी दोर बांधून तिथेच टेकेल. झाकण सारखं उघडू नका, लेकीलाही सांगा.