'फाइव्ह व्हाय' नेमकं ऑपरेटरपाशीच का थांबतं?

पानापक्कड:
चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे. कस्टमरची तक्रार आली की एटडी (8D) रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा ठरलेला फॉर्म, आणि त्यात 'फाइव्ह व्हाय', म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत एकामागून एक पाच 'का'. पार्ट रिजेक्ट का? बोअर, म्हणजे पार्टमधल्या भोकाची साइज आउट. का? मशीनला ऑफसेट, म्हणजे साइजची दुरुस्ती दिली नाही. का? पार्ट मोजला नाही. का? लक्ष नव्हतं. का? ट्रेनिंग कमी. झालं! ऑपरेटरला री-ट्रेनिंग, सहीचा कागद जोडला, फाइल बंद. महिन्याभरात तीच तक्रार परत दारात.
ही पद्धत मूळ शोधायला नाही, बळीचा बकरा शोधायला वापरतात. त्यापेक्षा इशिकावांचा फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखा कारणांचा तक्ता बरा. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड सगळ्यांवर एकदम संशय घेतो.

नाशिकचा टर्नर:
नाचता येईना अंगण वाकडं! टोयोटाच्या ताइइची ओनोंचं मूळ उदाहरण बघा. मशीन थांबलं, कारण लोड वाढून फ्यूज उडाला. लोड वाढला, कारण बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. पंप तेल ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट झिजला, कारण गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. यातलं प्रत्येक उत्तर मशीन उघडून डोळ्यांनी बघता येतं. तुमचं 'लक्ष नव्हतं' कुठल्या गेजने मोजलं?

पानापक्कड:
मुद्दा मान्य. पण गाळणी का नव्हती, हा सहावा 'का' कोण विचारणार? तो खरेदी खात्याकडे नाहीतर मालकाच्या केबिनकडे जातो. म्हणून आकडा पाचवर सोयीचा.

मीटिंगग्रस्त:
फिशबोनचं कौतुक पुरे. बोर्डभर कारणं लिहायची, चहा प्यायचा, शेवटी प्लांट हेड बोट ठेवतील ते 'रूट कॉज', म्हणजे मूळ कारण. बाकीचे काटे पुसायला हाउसकीपिंग.

गेजवाली:
दोन्ही पद्धतींचे तक्ते आमच्याकडे भरले होते, उपयोग शून्य. मग एका ट्रेनी पोरीने प्रत्येक बोअरची साइज वेळेसकट वहीत उतरवली. आउट झालेले पार्ट जवळपास सगळे जेवणाच्या सुट्टीनंतरचे! वीज वाचवायची म्हणून सुट्टीत मशीन बंद करायचा हुकूम होता. स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) थंड व्हायचा आणि पुन्हा तापेपर्यंत साइज सरकायची. वॉर्म-अप सायकल लावली, तक्रार थांबली. आधी आकडे गोळा करा, मग काय हवं ते चित्र काढा.

नाशिकचा टर्नर:
ताई, पण 'सुट्टीनंतरच का?' हा 'का'च झाला की!

गेजवाली:
झाला, पण वही समोर होती म्हणून सुचला. एसी केबिनमध्ये बसून नसता सुचला.

जुना इन्स्पेक्टर:
मूळ एकच असतं हे गृहीतच चुकीचं. २८ जानेवारी १९८६, चॅलेंजर अंतराळयानाचा अपघात. थंडीत बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग कडक झाली, हे तांत्रिक कारण. पण आदल्या रात्री बूस्टर कंपनीच्या इंजिनिअरांनी उड्डाण नको म्हटलं होतं. वरिष्ठांनी ते फिरवलं. चौकशी आयोगाने निर्णयप्रक्रियेवरही ठपका ठेवला. एका साखळीत हे दोन्ही बसवून दाखवा.

पानापक्कड:
काका, हे पटतं. पण एटडीच्या फॉर्मात रूट कॉजला रकाना एकच आहे, आणि कस्टमरला पहिलं उत्तर चोवीस तासांत हवं असतं. तिथे 'वरिष्ठांचा निर्णय' लिहून सही कोणाची घेऊ?