कॅमेऱ्याला चकवणारा चष्मा विकावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझं चष्म्याचं दुकान आहे. चोर्ल्यातून पणजीला कॅसिनोत जाणारी पोरं हल्ली विचारतात, "काका, कॅमेऱ्याला चेहरा ओळखता येणार नाही अशी फ्रेम आहे का?" एकानं मोबाईलवर फोटोच दाखवला: जाड फ्रेम, तिच्यावर रंगांचे विस्कटलेले डाग.

2016 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा छापील फ्रेमनं संगणकाला भलताच माणूस भासवला होता, हे खरं. पण ती नक्षी ठराविक प्रणालीसाठीच बेतलेली होती. जपानी संशोधकांनी कॅमेऱ्याला चकवायला बनवलेल्या चष्म्यात इन्फ्रारेड दिवे होते, आपल्या डोळ्यांना न दिसणारे, पण कॅमेऱ्याला दिसणारे.

मला काळजी वेगळीच आहे. कॅनडात ऑन्टारियोच्या कॅसिनोंत, जुगार सुटावा म्हणून ज्यांनी स्वतःहून बंदी मागून घेतली, त्यांना दारात ओळखायलाही कॅमेऱ्यानं चेहरा ओळखण्याचं हेच तंत्र वापरतात. अशा माणसाच्या हातात मी फ्रेम द्यायची? उलट, कुणाला नुसता खासगीपणा हवा असेल तर त्याला नाही म्हणणंही पटत नाही.

कॅसिनोत सुरक्षेचं काम केलेलं कुणी आहे का इथं? असा चष्मा घातलेला माणूस दिसला तर तिथं काय करतात? वकील मंडळी, असा माल विकणं कायद्यात बसतं का? कृपया सांगा, गिऱ्हाईक परत विचारायला येणार आहे.