'प्लूटो'चे पहिले दोन भाग संपवले, पुढचे घ्यावेत का? (कृपया रहस्य फोडू नका)

सेकंडशिफ्टवाला
नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, वेल्डिंग रोबोंची लाइन माझ्या गळ्यात. पुण्याला शिकणारी भाची सुट्टीत आली आणि नाओकी उरासावाच्या 'प्लूटो'चे पहिले दोन भाग इथेच टाकून गेली. म्हणाली, "मामा, तुझ्या रोबोंचं पुस्तक आहे." मांगा (जपानी चित्रकथा) पहिल्यांदाच हातात घेतली. उजवीकडून डावीकडे वाचायचं डोळ्यांना जमेपर्यंत थोडी खटपट झाली, मग सुसाट.

स्वित्झर्लंडचा मोंट ब्लँक नावाचा लाडका रोबो नष्ट होतो, इकडे रोबोंच्या हक्कांसाठी झटणाऱ्या माणसाचा खून होतो, आणि दोन्हीकडे शिंगांसारखं काहीतरी रोवलेलं सापडतं. इथपर्यंत ठीक, रहस्यकथेत असंच असतं. मला धरून ठेवलं ते वेगळ्याच जागेने. तपास करणारा युरोपोलचा गेझिश्ट (हाही रोबोच) एका मारल्या गेलेल्या पोलिस रोबोच्या घरी बातमी द्यायला जातो. बायको समोर येते. जुन्या बांधणीची, चेहऱ्यात हलणारा एकही भाग नाही. हवं तर आठवणी पुसून देतो, असं तो सुचवतो. ती नको म्हणते. सगळ्या चौकटींत तिचा चेहरा तस्साच, आणि तरी तिच्या आत काय चाललंय ते कळतं राव!

आमच्या एका रोबोचं नोझल सारखं स्पॅटरने (वेल्डिंगच्या उडालेल्या थेंबांनी) तुंबतं, पोरं त्याला 'सर्दी' म्हणतात. टीच पेंडंट (रोबो हाताने हलवायचा रिमोट) घेऊन त्याला होम पोझिशनला आणताना हल्ली उगाच ती बाई आठवते.

तर, हे ज्यावरून घेतलंय तो जुना 'ॲस्ट्रो बॉय' आधी वाचावा लागतो का? आणि रहस्य शेवटपर्यंत टिकतं की मध्येच हवा जाते? एकूण आठ भाग आहेत, सगळे एकदम आणले तर घरात चौकशी समिती बसेल.

गंगापूररोडकर
घ्या डोळे झाकून. २०२३ ची नेटफ्लिक्सवाली ॲनिमे मात्र आत्ता बघू नका. चांगली आहे, पण तिच्यात पान आपण उलटत नाही.

लेकाच्या कपाटातून
गंगापूररोडकर एका ओळीत बोलून गेले ते खरंय, जरा सविस्तर सांगते. उरासावाची खोड बघा. डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कोणीतरी काहीतरी बघून थबकतं. काय दिसलं ते पान उलटल्यावर. बरं, उलटल्यावरही लगेच दाखवेल तर शपथ, आधी डोळे, मग हात, मग खोलीचा कोपरा. पडद्यावर हे सगळं दुसऱ्याच्या वेगाने होतं.

'ॲस्ट्रो बॉय' आधी वाचायची गरज नाही, नंतर जरूर वाचा. ओसामू तेझुकाने १९६४-६५ मध्ये त्या मालिकेत एक लांबलचक कथा लिहिली होती: जगातले सात बलाढ्य रोबो आणि त्यांना एकेक करून गाठणारा प्लूटो. मुलांसाठीच, मारामारी दणकून. तेझुकाच्या कथेत ॲटमचा (म्हणजे ॲस्ट्रो बॉयचाच) जन्म ७ एप्रिल २००३ चा, आणि उरासावाने 'प्लूटो' सुरू केलं तेही २००३ मध्येच. तेझुका तर १९८९ मध्येच गेले होते. त्यांच्या मुलाने परवानगी देताना वडिलांच्या चित्रांची नक्कल नको, तुमच्या हाताचं येऊ द्या, असं बजावलं. म्हणून तर ॲटम इतका साधा शाळकरी पोरगा दिसतो. आणि मूळ कथेत जो डिटेक्टिव्ह अगदी थोडा वेळ येतो, त्यालाच उरासावाने नायक केलं. तीच घटना, पण आता पोलिसाच्या टेबलावरून दिसते.

तुम्ही नॉर्थ नंबर दोनबद्दल अवाक्षर काढलं नाहीत! माझ्या मते पहिल्या भागाचा जीव तिथे आहे. स्कॉटलंडमधला आंधळा, खडूस संगीतकार आणि त्याच्याकडे चाकरीला आलेला, युद्धात लढून आलेला रोबो. अंगावर पायघोळ झगा, कारण आत सगळी शस्त्रं. त्याला पियानो शिकायचाय. म्हातारा हाडतूड करतो, यंत्राला कसलं आलंय संगीत, म्हणून. आणि रोबोचं म्हणणं एवढंच, की पुन्हा रणांगणावर जायचं नाही. ते प्रकरण पुन्हा वाचा, फक्त झगा कुठे कुठे हलतो ते बघत.

आपल्याकडे विज्ञानकथा म्हटलं की नारळीकर. २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. त्या वळणाचं नेमकं विज्ञान शोधायला गेलात तर इथे हाती फारसं लागणार नाही. ते गृहीत धरून पुढे चला.

पंचवटीचा पासधारक
मी जरा वेगळं बोलतो. मुंबईला जाता-येता आठही भाग वाचले. पहिले तीन अव्वल, कारण दर वेळी नवा रोबो, नवा देश, त्याचं घरदार. पुढे युद्धाचं राजकारण वाढतं. मालिका सुरू झाली तेव्हा इराक युद्ध ताजं होतं, आणि यातलं पर्शियावरचं युद्ध कुठून आलं हे सांगावं लागत नाही. तो राग खरा आहे, पण त्यापायी माणसं उभी राहून बोलतच राहतात. घ्या, पण दोन-दोन करून घ्या.

लेकाच्या कपाटातून
उभं राहून बोलणं मलाही खटकलं. पण पासधारक, दमलेल्या माणसाने परतीच्या गाडीत वाचायचे भाग नाहीत हो ते.

गंगापूररोडकर
कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेटीत मांगा कधी येणार, हा खरा प्रश्न. तोवर माझे तिसरा-चौथा न्या. पानं दुमडायची नाहीत, आणि मिसळ खाताना तर अजिबात नाही.

सेकंडशिफ्टवाला
काकू, झग्याचं बघितलं. वारा आला की म्हातारा बोलत असतो आणि हा आवरून धरतो. आधी वाचलं तेव्हा माझं सगळं लक्ष शिंगांकडे.

गंगापूररोडकर, रविवारी सकाळी येतो, पिशवी घेऊनच. पहिला भाग शिफ्टमधल्या जोडीदाराला दिलाय. तो मोंट ब्लँकपर्यंत पोचला आणि मला विचारतो, "एवढ्या मोठ्या धुडाचं ग्रीसिंग कोण करत असेल?"