लिथियम आणि रावेरचा मे महिना

रावेरकर: धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे, कधी उन्माद चढतो, कधी खोल नैराश्य येतं. लिथियम सुरू झालं आणि तो पुन्हा केळीच्या बागेत उभा राहिला. आता ऊन ४५ अंशांवर चाललंय. गावात सांगतात, झोपेच्या गोळ्या आहेत, उन्हाळाभर बंद ठेवा. ठेवू का?

भुसावळची ताई: दादा, परस्पर बंद करू नका, आजार उलटतो. मी औषधांच्या दुकानात बसते, हे रोज ऐकते आणि जीव तुटतो. ही झोपेची गोळी नव्हेच! मूड स्थिर ठेवणारा हा क्षार आहे. उन्मादावर त्याचा उपयोग १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसला. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, रक्तातली पातळी चढते. म्हणून पाणी भरपूर, जेवणातलं मीठ नेहमीइतकंच. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका. हात जोरात थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल गेला तर लगेच दवाखाना. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी.

धुळेकर: आईला ओलँझापिन आहे, तेही बायपोलरसाठीच. वर्ग वेगळा, सायकोसिसवरचा, म्हणजे भास-भ्रमांवरचा. तिथे वजन आणि साखर बघतात.

रावेरकर: ताई, गुडघ्यासाठी तो डायक्लोफेनॅकच घेतोय. डॉक्टरांना आत्ताच फोन लावतो.